बालनाट्यासाठी फुकटातला ऑर्केस्ट्रा हवाय, पण माझं सगळं पेटीसारखंच वाजतंय

पांढरी_चार

नमस्कार मंडळी.

मी कळव्याला राहते, शाळेत संगीत शिकवते. पेटीवर हात वीस वर्षांचा, कॉम्प्युटरवर जेमतेम चार महिन्यांचा. नौपाड्यात आम्ही काही जणी मिळून दर उन्हाळ्यात मुलांचं नाट्यशिबिर घेतो. यंदाच्या बालनाट्यात एक नदी आहे. ती डोंगरातून निघते, खाडीपर्यंत येते आणि वाटेत तिला माणसं भेटत जातात. प्रयोग मे महिन्यात, ठाण्यातल्या घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरला. तिकीट पन्नास रुपये. पार्श्वसंगीत माझ्याकडे आहे.

चाली दिग्दर्शिकेला आवडल्या. पण मी कीबोर्डमधल्या 'स्ट्रिंग्ज'वर जे वाजवून नेलं ते ऐकून ती म्हणाली, "अगं, ही नदी प्लास्टिकच्या बाटलीतली वाटते." तिचं खरं आहे. मलाही तेच वाटत होतं, फक्त शब्द सापडत नव्हता.

माझ्याकडे 8 जीबी रॅमचा जुना आय-थ्री लॅपटॉप आहे, एसएसडीवर साधारण 40 जीबी जागा आहे. रेकॉर्डिंगसाठी रीपर नावाचं सॉफ्टवेअर टाकलंय. 49 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडून वाजवायचा) आहे, त्याला डाव्या बाजूला दोन चाकं आहेत, त्यांचा उपयोग मला अजून कळलेला नाही. हेडफोन बरे आहेत. खर्चाला शून्य रुपये, कारण शिबिराची फी मुलांच्या खाऊत आणि हॉलच्या भाड्यातच संपते.

तर व्हायोलिन, चेलो, बासरी, हॉर्न असा खरा ऑर्केस्ट्रा फुकटात मिळतो का? तिकीट लावलेल्या नाटकात तो वापरायला चालतो का? मी एक-दोन प्लगिन (रीपरच्या आत चालणारी वाद्यांची सॉफ्टवेअरं) टाकून पाहिली, तर मध्येच आवाज तडतडतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे काहीही टाकलं तरी माझ्या हाताखाली ते पेटीच होतं. लांब सूर धरला की नुसता उभा राहतो. यात माझं काय चुकतंय?

---

ऐरोली_लोकल

ताई, फुकटात भरपूर मिळतं, आणि चांगलं मिळतं.

सुरुवात स्पिटफायर ऑडिओच्या बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हरने करा. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत खऱ्या बीबीसी ऑर्केस्ट्राला बसवून रेकॉर्ड केलेलं आहे. मोठी आवृत्ती पैशांची आणि अवाढव्य आहे, पण डिस्कव्हर साधारण 200 एमबीत बसतं. तुमच्या लॅपटॉपला हेच झेपेल. त्याच कंपनीचं लॅब्जही घ्या, त्यातला सॉफ्ट पियानो आणि स्ट्रिंग्ज नाटकाला छान लागतात.

मग प्रोजेक्टसॅमचं द फ्री ऑर्केस्ट्रा, ते फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालतं. ऑर्केस्ट्रल टूल्सचं लेयर्स, बर्लिनच्या टेल्डेक्स स्टुडिओतलं. व्हर्सिलियन स्टुडिओचं व्हीएससीओ टू कम्युनिटी एडिशन. आणि व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा, ते एसएफझेड प्रकारातलं असल्याने आधी सफोर्झांडो नावाचा फुकट प्लेअर टाकावा लागतो.

सगळं कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. टेलिग्रामवर 'फुल व्हर्जन फ्री' म्हणून जे फिरतं त्याच्या वाटेला जाऊ नका.

---

सेक्टर_सतरा

वाशीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून फक्त तडतडीपुरतं बोलतो.

तडतड प्लगिनमुळे नाही, बफरमुळे होतेय. बफर म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर जो थोडा साठवून ठेवतो तो. 44100च्या सॅम्पल रेटला 256चा बफर ठेवलात तर पट्टी दाबल्यापासून साधारण 6 मिलिसेकंदांत आवाज येतो, पण जुन्या प्रोसेसरची दमछाक होते. 1024 ठेवलात तर 23 मिलिसेकंद लागतात, ते बोटांना जाणवतं, पण तडतड जाते. वाजवून रेकॉर्ड करताना 256 किंवा 512 ठेवा, नंतर बसून जुळवाजुळव करताना 1024 करा. विंडोजचा स्वतःचा ऑडिओ ड्रायव्हर वापरत असाल तर एएसआयओफोरऑल टाका, फुकट आहे.

एक वाद्य पक्कं झालं की रीपरमध्ये तो ट्रॅक फ्रीझ करा. प्लगिन बाजूला होतं, साधी ऑडिओ फाइल उरते, रॅम मोकळी होते. वाजवताना वायफाय बंद आणि चार्जर लावलेला. सगळी सॅम्पल्स, म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर, एसएसडीवरच ठेवा, पेन ड्राइव्हवर अजिबात नको.

---

जुना_कॉपीस्ट

ताई, वरच्या दोघांनी जे सांगितलं ते बरोबर आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र अजून कुणी हात घातलेला नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. जरा सविस्तर लिहितो.

माझं राहणं चरईत. तरुणपणी काही वर्षं मी रेकॉर्डिंगसाठी नोटेशनच्या प्रती काढायचं काम केलं. अरेंजर पूर्ण स्कोअर लिहायचा आणि त्यातून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा उतरवून काढायचं काम आमचं. तेव्हाच्या मुंबईत व्हायोलिनच्या रांगेत बसणारे पुष्कळ वादक गोव्याकडचे. एका स्टँडवर दोघं, दोघांत एक कागद. त्या कागदावर मी नुसते सूर लिहायचो नाही, बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, कुठे खाली आणि कुठे वर याच्या खुणाही करायचो. एखादी खूण चुकली की वादक पेन्सिलीने तिथल्या तिथे दुरुस्त करायचे आणि सहज म्हणायचे, "इथे बो संपतो." हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. बो संपतो. बासरीवाल्याचा श्वास संपतो. हॉर्नवाल्याला चार मात्रांनंतर दम घ्यावा लागतो. कीबोर्डवर काहीच संपत नाही, म्हणून ते खोटं वाटतं.

आता तुमच्या कीबोर्डची ती दोन चाकं बघा. एकाने सूर खाली-वर वाकतो, सोडलं की ते मधोमध परत येतं. दुसरं जिथे सोडाल तिथेच राहतं. त्याला मॉड व्हील म्हणतात, आणि तोच तुमचा भाता आहे.

हे मी उपमा म्हणून सांगत नाही. पेटी वाजवताना तुमचा उजवा हात सूर निवडतो आणि डावा हात त्या सुरात जीव भरतो. डावा हात थांबला की उजव्याने कितीही छान बोटं टाकली तरी पेटी गप्प. डिस्कव्हरमधल्या लांब सुरांचं नेमकं तसंच आहे. मॉड व्हील खाली असलं की व्हायोलिन हळू, मऊ, दुरून आल्यासारखी. वर नेलं की तीच व्हायोलिन भरून येतात. पट्टी जोरात दाबली की हळू, याने लांब सुरांना फरक पडत नाही, तो पडतो स्टकाटो, पिझिकाटोसारख्या तुटक सुरांना. तुम्ही उजव्या हाताने वाजवत राहिलात आणि चाक एका जागी पडून राहिलं. भाता न हलवता पेटी वाजवल्यासारखंच झालं ते. वीस वर्षं जो डावा हात तयार झालाय त्याला कॉम्प्युटरसमोर तुम्ही मांडीवर ठेवून दिलाय.

तर आज एवढंच करून बघा. डिस्कव्हर उघडा, फक्त चेलो निवडा. मंद्रातला एक षड्ज धरा. चाक अगदी खालून सुरू करा, चार सेकंदांत हळूहळू अर्ध्यापर्यंत न्या, दोन सेकंदांत परत खाली आणा, सूर सोडा. मग जरासा श्वास घेऊन पुढचा सूर. रात्री घरातले झोपल्यावर हेडफोन लावून करा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी तो एकच सूर तासभर वाजवत बसलो होतो.

आणि आवाज नुसता लहान-मोठा करणं म्हणजे हे नव्हे, हेही लक्षात घ्या. जोरात वाजवलेलं व्हायोलिन म्हणजे हळू वाजवलेलं व्हायोलिन मोठ्या आवाजात नव्हे. त्याचा रंगच वेगळा असतो, तार खरखरते, सुरात मिसळलेले वरचे बारीक सूर उजळतात. म्हणून सॅम्पल्सच्या चांगल्या संग्रहांत, म्हणजे लायब्रऱ्यांत, एकच सूर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा वाजवून घेतलेला असतो आणि चाक फिरवलं की एकातून दुसऱ्यात सरकतो. आयोवा विद्यापीठाने 1997 पासून अशी सॅम्पल्स सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहेत. प्रतिध्वनीच नसलेल्या खोलीत एकेका वादकाला बसवून एकेक सूर, तीन-तीन ताकदींत. मी या सगळ्यात शिरलो तो त्याच फाइलींमुळे. रात्ररात्र ऐकायचो. एखाद्या सुराच्या सुरुवातीला वादकाचा श्वास ऐकू यायचा. फुकट म्हणून आपण जे उतरवून घेतो त्यातला प्रत्येक सूर कुणीतरी मन लावून वाजवलेला आहे, मग आपणही तो मन लावूनच लावायला हवा.

दुसरी गोष्ट, आणि ही चूक बहुतेक सगळ्या पेटीवाल्यांची होते. तुम्ही 'व्हायोलिन' निवडून त्यावर दोन्ही हातांनी चार-पाच सुरांची कॉर्ड धरत असणार. डिस्कव्हरमध्ये पहिली व्हायोलिन म्हणजे 16 जणांची रांग. तुम्ही चार सूर दाबलेत की 64 व्हायोलिन वाजली. जगात असा ऑर्केस्ट्रा नाही आणि कानाला ते बरोबर कळतं. तो फुगलेला, चिकट आवाज यातूनच येतो. कॉर्ड वाटून द्या. सगळ्यात खालचा सूर डबल बेस आणि चेलोला, त्याच्या वरचा व्हायोलाला, मग दुसऱ्या व्हायोलिनला, सगळ्यात वरचा पहिल्या व्हायोलिनला. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, आणि प्रत्येक वेगळा वाजवून रेकॉर्ड करायचा. एक ट्रॅक कॉपी करून चौघांना चिकटवायचा नाही. चार वेळा वाजवलंत की चार वेळा तुमचा डावा हात थोडा वेगळा जातो, आणि त्या थोड्याशा वेगळेपणातूनच माणसं बसल्यासारखी वाटतात. तबलजी चार वेळा 'ना' वाजवतो, चारही कधी एकसारखे नसतात. तसंच.

वाद्याची मर्यादा पाळा. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर मधल्या सप्तकाच्या खालची पांढरी पाच. त्याखाली तार नाही. व्हायोला आणि चेलोची खालची तार पांढरी एक, चेलोची व्हायोलाहून एक सप्तक खाली. काही प्लगिन या हद्दीबाहेर सूर ओढून देतात, तो मोह टाळा.

परवान्याचं ऐरोलीकरांनी सांगायचं राहिलं. व्हीएससीओ टू कम्युनिटी एडिशन सीसी-झिरोखाली आहे, म्हणजे त्यावर कसलंच बंधन नाही. डिस्कव्हर आणि लॅब्ज वापरून केलेलं संगीत तिकीट लावलेल्या नाटकात खुशाल वाजवा, फक्त त्यातले सुटे सूर वेगळे काढून सॅम्पल म्हणून पुढे वाटायचे किंवा विकायचे नाहीत. लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रानेही आपली सॅम्पल्स फुकट ठेवली आहेत, तिथेही अट साधारण अशीच आहे.

आणि दहा प्लगिन टाकू नका. डिस्कव्हर एकच घ्या, त्यातला चेलो आधी हाताला बसू दे. बाकीची नावं कुठे पळून जात नाहीत.

---

ऐरोली_लोकल

काका, 64 व्हायोलिनचा हिशोब वाचून माझे जुने ट्रॅक उघडून बसलोय. सगळीकडे तेच केलंय मी.

ताई, नोटेशन येत असेल तर म्यूझस्कोरही बघा. 2022च्या डिसेंबरमध्ये चौथी आवृत्ती आली, तिच्यासोबत म्यूझ साउंड्स फुकट मिळतात. कागदावर 'हळूहळू वाढवा' अशी खूण केली की ते स्वतः तसं वाजवतं.

---

जुना_कॉपीस्ट

म्यूझस्कोर उत्तम आहे, माझं रोजचं काम त्यावरच चालतं. पण ताईंचा हात चालतो पट्टीवर. त्यांना आधी हाताने वाजवू दे. आयुष्यभर सरगम लिहिणाऱ्याला मे महिन्याच्या तोंडावर पाच रेघांचं स्टाफ नोटेशन शिकायला लावलं तर नाटक राहील बाजूला.

---

पांढरी_चार

चार दिवसांनी लिहितेय, कारण खरंच वाजवत होते.

काका, चेलोचा एक सूर वाजवला आणि माझी मुलगी आतल्या खोलीतून विचारत आली, "आई, हे कुणाचं?" हेडफोनची वायर निघाली होती, मला कळलंच नाही. तिने 'काय लावलंयस' न विचारता 'कुणाचं' विचारलं, याचाच मला फार आनंद झाला.

डावा हात दोन दिवसांत चाकावर जायला लागला. पण आता नवीन अडचण. चाल ठेक्यात आली की माझे स्ट्रिंग्ज लाटेसारखे हपहप करतात. दर दोन मात्रांना फुगतात, बसतात, पुन्हा फुगतात. ऐकून चक्कर येईल असं. आणि सगळे सूर क्लिकच्या (रीपरच्या तालाच्या टिकटिकीच्या) थोडे मागे पडल्यासारखे वाटतात. मी तर तालात वाजवतेय, त्याबद्दल मला खात्री आहे.

नदीचा मुख्य तुकडा सारंगाच्या अंगाचा आहे. त्यात मला रे आणि म मध्ये मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात अखंड घसरत जाणं, हवीय. सूर वाकवायचं ते दुसरं चाक वापरलं तर अख्खी रांग घसरगुंडीवरून आल्यासारखी वाटते.

---

जुना_कॉपीस्ट

फुगण्याचं कारण तुमच्या हातातच आहे. भाता तुम्ही तालावर मारता. दादरा असेल तर दादऱ्याच्या वजनाने हात जातो, आणि पेटीत ते चालतं, कारण भात्यात हवा साठलेली असते, धक्का सुरापर्यंत पोचेपर्यंत मऊ होतो. चाकाला तसा साठा नाही. हात जिथे जातो तिथे आवाज लगेच जातो.

तेव्हा ठेका हातातून काढा आणि ओळ धरा. गाण्याची ओळ जिथे सुरू होते तिथून जिथे ती टेकते तिथपर्यंत एकच चढ, एकच उतार. भजनाला बसलेल्या पेटीवाल्यापेक्षा, ख्यालाच्या आलापीमागे भाता दाबून धरून सूर भरणाऱ्या साथीदाराचा हात आठवा. तो हात हवाय तुम्हाला. ठेका मुलांच्या टाळ्यांना आणि ढोलकीला द्या.

उशिराचं तुमचं निदान बरोबर आहे, तुम्ही तालातच वाजवताय. खऱ्या व्हायोलिनला लांब सूर पकडायला क्षणभर लागतो, बो तारेवर बसतो आणि मग सूर फुलतो. तो फुलण्याचा वेळ सॅम्पलमध्ये तसाच आहे. खरा वादक कंडक्टरच्या हाताकडे बघून तेवढा आधी सुरू करतो. तुम्ही रेकॉर्डिंग झाल्यावर लांब सुरांचा ट्रॅक किंचित आधी सरकवा. रीपरमध्ये ट्रॅकच्या नावाशेजारच्या रूटिंगच्या खिडकीत 'मीडिया प्लेबॅक ऑफसेट' आहे, तिथे उणे 60 मिलिसेकंदांपासून सुरुवात करा आणि कानाने ठरवा. तुटक सुरांना इतकं लागत नाही.

मींडीचं मात्र सरळ सांगतो. ती यात नाही. सॅम्पल म्हणजे एका जागी स्थिर वाजवलेला सूर. दरबारीचा आंदोलित गंधार, सारंगातली रे-मची ओढ, या गोष्टी दोन सुरांच्या मधल्या जागेत घडतात, आणि ती जागा कुणी रेकॉर्डच केलेली नाही. लेगाटो (सूर एकमेकांना जोडून वाजवणं) असलेल्या महाग लायब्रऱ्यांतही एका सुरातून शेजारच्या सुरात जाणं पाश्चात्त्य पद्धतीचं असतं, आपली मींड तिथेही मिळत नाही. म्हणून ते काम ऑर्केस्ट्राकडून करून घेऊ नका. स्ट्रिंग्जना खाली जमीन करू द्या. वर एक माणूस हवा, खराखुरा, एकच. एक गाणारं मूल असेल, एक बासरी असेल, एक व्हायोलिन असेल. वर एक खरा आवाज असला की कान त्याच्यामागे जातो आणि खालच्या साठ जणांनाही खरं मानतो.

---

बांबू_नेरूळ

मी नेरूळला राहते, बासरी शिकतेय, आठवं वर्ष. गेले चार दिवस हा धागा नुसता वाचतेय, आता राहवलं नाही. ताई, पट्टी कुठली आहे? काळी चार, काळी पाचच्या बासऱ्या माझ्याकडे आहेत. तुम्ही स्ट्रिंग्जचा कच्चा ट्रॅक पाठवलात तर वर नदी मी वाजवून देईन. मानधन नको, मुलांचं नाटक आहे.

एक शंका काकांना. मी याआधी एकदा अशाच ट्रॅकवर वाजवलं होतं. सा लावला, छान जुळला. प जुळला. गंधारावर थांबले की मात्र सारखं काहीतरी घासत होतं. रेकॉर्डिंग करणारे म्हणाले, तुमची बासरी बेसूर आहे. मी घरी येऊन तानपुऱ्यावर पुन्हा पुन्हा पाहिलं, बासरी सुरात होती. तेव्हापासून मनात बोचतंय ते.

---

जुना_कॉपीस्ट

बेसूर नव्हतात. हे आधी मनातून काढून टाका.

तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार आणि कीबोर्डवरचा गंधार एक नाहीत. कीबोर्डने सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत, प्रत्येकी 100 सेंटचे. त्या हिशोबाने ग षड्जापासून 400 सेंटवर येतो. तानपुरा शिकवतो तो ग साधारण 386वर. चौदा सेंटचा फरक. तुमच्या कानाने तयार केलेला गंधार खाली, प्लगिनचा वर, आणि दोन्ही एकदम लांब धरले की घासणारच. पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून तो जुळला.

यावर साधा इलाज आहे. जिथे बासरी गंधारावर थांबते तिथे खालच्या स्ट्रिंग्जमधून गंधार काढून टाकायचा. चेलोला सा, व्हायोलाला प, व्हायोलिनला वरचा सा. गंधार फक्त बासरीचा. ताईंचा तुकडा सारंगाचा आहे, तिथे गंधार वर्ज्यच, पण रे आणि नीला हाच नियम लावा. जो सूर बासरी धरून ठेवणार आहे तो खाली दुसऱ्या कुणी धरायचा नाही. कॉर्ड अर्धवट वाटेल असं वाटतं, पण वाटत नाही. बासरी ती पुरी करते.

घरी रेकॉर्ड करणार असाल तर पंखा बंद, फ्रिज असलेल्या खोलीत नको, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा. माइक बासरीच्या फुंकेच्या भोकासमोर धरू नका, थोडा बाजूला आणि हातभर लांब. रीव्हर्ब (खोलीत घुमल्याचा परिणाम) न लावता कोरडंच पाठवा. मग ताई स्ट्रिंग्ज आणि बासरी दोन्हींवर मिळून थोडासा सारखाच रीव्हर्ब लावतील, रीपरचं रीव्हर्बेट पुरेल. स्ट्रिंग्ज मेडा व्हेलच्या हॉलमधली आणि बासरी नेरूळच्या बेडरूममधली, दोघांना एका छताखाली आणण्यासाठी तेवढं लागतं.

---

पांढरी_चार

बांबू, गाणी काळी पाच. आजच रात्री ट्रॅक पाठवते. तुम्ही लिहिलेलं वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

काका, फुगणं गेलं. काल तालमीला नेऊन लहान स्पीकरवर वाजवलं. दिग्दर्शिका काही बोलली नाही, पण नदीचं काम करणारी मुलगी, नऊ वर्षांची आहे, तिने पहिल्यांदा हात हळू हलवले. आजवर ती नाचल्यासारखी धावायची. आम्ही तिला तीन आठवडे 'हळू गं, नदी आहेस तू' सांगत होतो.

आता शेवटचं विचारते. प्रयोगाच्या दिवशी लॅपटॉप घेऊन जायचं आणि रीपरमधूनच वाजवायचं, असं डोक्यात आहे. म्हणजे एखाद्या मुलाने वाक्य लांबवलं तर मला तिथल्या तिथे सांभाळता येईल.

---

जुना_कॉपीस्ट

असं करू नका. कळकळीने सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका एकांकिकेचं संगीत माझं होतं. सॅम्पल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलेली. नाट्यगृहात डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली, विंडोजने तिला वेगळं अक्षर दिलं, आणि प्लगिनला आपली सॅम्पल्स सापडेनात. पडदा उघडला होता. चाळीस सेकंदांचा तुकडा होता, आईच्या मृत्यूनंतरचा, आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. त्या मुलीने त्या शांततेत उभं राहून प्रवेश तोलून धरला. तिचं मी आजवर कौतुक करत आलोय, पण ती शांतता तिच्यावर लादली होती मी.

तेव्हा प्रत्येक तुकडा रेंडर करून वेव्ह फाइल करा. लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर, मोबाइलमध्ये, तिन्हीकडे ठेवा. फाइलींना नावं प्रवेशाच्या क्रमाने द्या, 01, 02 अशी. मूल वाक्य लांबवेल त्यासाठी लांब सुराचा एक तुकडा वेगळा काढून ठेवा, नुसता चेलो-व्हायोलाचा सा-प, दोन मिनिटांचा. मुख्य तुकडा संपला आणि मूल अजून बोलतंय, तर तो हळूच खालून आणायचा. नाटकात मला सगळ्यात जास्त तोच तुकडा उपयोगी पडलाय.

रेंडर करण्याआधी एकदा मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका. थिएटरमध्ये डावीकडे बसलेल्यांना डावाच स्पीकर जास्त ऐकू येतो, आणि हेडफोनमध्ये तुम्ही उजवीकडे ठेवलेले चेलो त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. डबल बेस हेडफोनमध्ये गोड वाटतो तेवढा तिथे गोड राहत नाही, घुमतो, आणि मुलांचे शब्द गिळतो. तो बराच कमी करा. मुलं बोलत असतात तिथे व्हायोलिनही मधल्या सप्तकातून काढून एकतर खाली न्या किंवा वर न्या. मुलांचा आवाज मधल्या सप्तकात आहे, ती जागा त्यांची.

आणि जमलं तर एका संध्याकाळी मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकून या. 2006 साली उभा राहिलेला आपल्याच शहरातला ऑर्केस्ट्रा आहे. सूर सुरू होण्याआधी साठ बो एकदम वर उचलले जातात, ते बघा. तुमचा डावा हात चाकावर जायच्या आधी नेमकं काय करतो, ते तिथे दिसेल.

---

पांढरी_चार

लॅपटॉप घरी ठेवते. तो सा-पचा तुकडा आत्ता वाजवायला घेतला, दोन मिनिटं बो न संपता कसा न्यायचा यातच अडकलेय. चेलो सोडताना व्हायोला आधीपासून धरलेला ठेवला तर फट ऐकू येत नाही असं वाटतंय. बांबूची बासरी रविवारी येतेय.